निदान न झालेला मधुमेह: ‘निम्मे’ म्हणजे नेमके कोणाचे निम्मे?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाचे उत्तर देत आहे हे स्पष्ट राहील. आपले वय ४६ वर्षे, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८७ किलो आणि कंबरेचा घेर १०२ सेंटिमीटर आहे. कोणताही त्रास नसल्यामुळे आपण रक्तातील साखर आजवर कधीच तपासलेली नाही. ‘मध्यमवयीन स्थूल माणसांपैकी निम्म्यांना मधुमेह असतो आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो’ असे आपण एके ठिकाणी वाचले. दुसरीकडे हेच प्रमाण चौघांत एक असे दिसले आणि तिसरीकडे दहांत एक. यांतले खरे कोणते, आणि काही होत नसताना तपासणी करण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. जाता जाता आपण असेही लिहिले आहे की पत्नी सडपातळ असल्याने तिचा प्रश्नच येत नाही. फक्त चौदा वर्षांपूर्वी गरोदरपणात तिची साखर वाढली होती, ती बाळंतपणानंतर उतरली. त्या वाक्याकडे मी शेवटी येईन, पण ते माझ्या नजरेतून सुटलेले नाही एवढे आताच नोंदवतो.

मी पंचवीसहून अधिक वर्षे मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करीत आहे, आणि या आकड्यांचा गोंधळ मला नवीन नाही. आपण वाचलेल्या तिन्ही आकड्यांना आधार आहे. चुकीचे आहे ते पहिल्या आकड्याभोवतीचे वाक्य. शाळेत अपूर्णांक शिकताना अंशापेक्षा छेद पाहायला शिकवतात, ते इथे नेमके उपयोगी पडते. ‘निम्मे’ हा आकडा स्थूल माणसांपैकी निम्मे असा नाही, तर मधुमेह असलेल्या माणसांपैकी निम्मे असा आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ साली केलेल्या अंदाजानुसार जगात २० ते ७९ वयोगटातील सुमारे ५३ कोटी ७० लाख लोकांना, म्हणजे या वयाच्या साधारण दहांपैकी एकाला मधुमेह होता, आणि त्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊक नव्हते. हे दोन आकडे एकत्र करून पाहिले, तर सर्व प्रौढांच्या तुलनेत न कळलेला मधुमेह वीसपैकी एकाला असतो असे निघते. ‘वीसपैकी एक’ आणि ‘निम्मे’ ही एकाच वस्तुस्थितीची दोन रूपे आहेत, फक्त छेद बदलला आहे.

स्थूल आणि मध्यमवयीन हा गट वेगळा काढला तर प्रमाण वाढते, यात शंका नाही. मात्र ते निम्म्याच्या आसपासही पोहोचत नाही. इंग्लंडच्या पूर्व भागात या शतकाच्या पहिल्या दशकात झालेला एक मोठा अभ्यास मी या संदर्भात नेहमी सांगतो. तेथील डॉक्टरांच्या नोंदींमधून ४० ते ६९ वयाची, मधुमेहाचे निदान न झालेली, पण वजन, वय, औषधे अशा गोष्टींवरून अधिक धोका असलेली माणसे निवडण्यात आली. अशा सुमारे १६ हजार माणसांपैकी बहुतेकांना तपासणीचे निमंत्रण गेले, त्यांतली जवळजवळ तीन चतुर्थांश आली, आणि नव्याने मधुमेह सापडला तो ४६६ जणांना, म्हणजे साधारण ३ टक्क्यांना. धोका असलेली माणसे वेचून काढली तरी आकडा इतका लहान आला, हे वाचून लोकांना आश्चर्य वाटते. कारण सोपे आहे: ज्यांना मधुमेह असल्याचे आधीच माहीत होते ते या गटातून वगळलेले होते, आणि ज्या समाजात लोक अधूनमधून डॉक्टरांकडे जातात तिथे लपलेला मधुमेह कमी उरतो.

चौघांत एक आणि दहांत एक हे आपल्याला दिसलेले आकडे बहुधा अमेरिकेचे असावेत, आणि गंमत म्हणजे ते एकाच राष्ट्रीय पाहणीच्या माहितीतून निघू शकतात. तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार मधुमेह असलेल्या प्रौढांपैकी सुमारे २३ टक्के लोकांचे निदान झालेले नव्हते. त्याच देशातील २०२१ ते २०२३ या काळातील पाहणीत एकूण १५.८ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, त्यांतला ४.५ टक्के हिस्सा निदान न झालेल्यांचा होता, म्हणजे मधुमेहींमध्ये तो २८ टक्क्यांच्या वर गेला. आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, २०११ ते २०१४ या काळासाठी हेच प्रमाण केवळ १०.९ टक्के निघाले होते. वर्षे थोडी वेगळी आहेत हे खरे, परंतु मुख्य फरक तो नाही. सर्वसाधारण पाहणीत उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (आधीच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) यांपैकी कोणतीही एक चाचणी मर्यादेपलीकडे गेली की त्या माणसाला ‘निदान न झालेला मधुमेही’ म्हणून मोजतात. त्या विश्लेषणात मात्र दोन्ही चाचण्या मर्यादेपलीकडे असतील तरच मोजले होते. दवाखान्यात आम्हीही लक्षणे नसलेल्या माणसाचे निदान एका अहवालावरून करीत नाही, त्यामुळे दुसरी पद्धत प्रत्यक्ष व्यवहाराला अधिक जवळची आहे असे माझे मत आहे. ज्यांचा एकच आकडा वर गेला आहे ती माणसे निरोगी आहेत असा याचा अर्थ नाही; ती उंबरठ्यावर उभी आहेत.

आणखी एक आकडा आपल्या वाचनात येईल, तेव्हा गोंधळ नको म्हणून सांगतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने २०२२ मध्ये मधुमेह असलेल्या प्रौढांची संख्या ८२ कोटी ८० लाख अशी दिली आणि तीस वर्षांवरील ४४ कोटी ५० लाख मधुमेही उपचाराविना असल्याचे म्हटले. हा आकडा महासंघाच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण त्यात एचबीए१सी वाढलेल्यांनाही धरले आहे. शिवाय ‘उपचाराविना’ आणि ‘निदानाविना’ हे एकच नव्हे. निदान होऊनही औषध न घेणारी माणसे पुष्कळ असतात. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये तर असतातच.

आता स्थूलतेकडे वळू. तिचे प्रमाण मोजणे मधुमेहापेक्षा सोपे वाटते, कारण त्यासाठी रक्त काढावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२२ साली जगातील ४३ टक्के प्रौढांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते आणि १६ टक्के प्रौढ स्थूल होते. प्रौढांमधील स्थूलता १९९० नंतर दुपटीहून अधिक झाली आहे. मध्यम वयात हे प्रमाण सामान्यतः शिखरावर असते. अमेरिकेच्या ज्या पाहणीचा वर उल्लेख केला, तिच्यात सर्व प्रौढांमध्ये स्थूलता ४०.३ टक्के होती, पण ४० ते ५९ या वयोगटात ती ४६.४ टक्के भरली, म्हणजे तरुणांपेक्षाही जास्त आणि साठीपुढच्यांपेक्षाही जास्त. आपण वाचलेल्या वाक्यातला ‘निम्मे’ हा शब्द कदाचित अशा दोन आकड्यांच्या सरमिसळीतूनही आला असेल: मध्यमवयीनांपैकी जवळजवळ निम्मे स्थूल, मधुमेहींपैकी जवळजवळ निम्मे अनभिज्ञ, आणि मग कोणीतरी दोन्ही वाक्ये एकात ओतली.

स्थूलता ठरवताना बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा वापरतात. आपला बीएमआय ३०.८ येतो. जागतिक मोजपट्टीनुसार २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर स्थूलता, म्हणजे आपण रेषेच्या जरा पलीकडे आहात. परंतु ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. बीएमआयमागील सूत्र एकोणिसाव्या शतकात केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मांडले, ते लोकसमूहांचे वर्णन करण्यासाठी. एकट्या माणसाच्या प्रकृतीचा निवाडा करण्यासाठी नव्हे. त्यातून स्नायू किती आणि चरबी किती हे कळत नाही, आणि चरबी कुठे साठली आहे हे तर मुळीच कळत नाही. इंग्लंडमधील २०२१ सालच्या एका विश्लेषणात असे दिसले की गोऱ्या लोकांमध्ये बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जो धोका असतो, तोच धोका दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांमध्ये २३.९ लाच येऊन ठेपतो. म्हणून तपासणी कधी करावी याच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतही आशियाई वंशाच्या माणसांसाठी २३ ही खालची मर्यादा दिली आहे.

माझ्या दृष्टीने आपल्या चार आकड्यांमधला सर्वांत बोलका आकडा वजनाचा नसून कंबरेचा आहे. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा हा ढोबळ नियम आहे. आपल्या बाबतीत निम्मी उंची ८४ सेंटिमीटर होते आणि घेर १०२ आहे. पोटाच्या आत, यकृतात आणि स्वादुपिंडात साठणारी चरबी ही त्वचेखालच्या चरबीसारखी निमूट पडून राहत नाही. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्रभर गरज नसतानाही रक्तात साखर सोडत राहते. त्या साखरेला आवर घालण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन बनवते, आणि ते वाढलेले इन्सुलिन यकृतात आणखी चरबी तयार व्हायला मदत करते. हे चक्र अनेक वर्षे फिरत राहते. ज्यांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी दणकट आहेत ते शंभर किलो वजनावरही साखर ताब्यात ठेवतात, आणि ज्यांच्या नाजूक आहेत ते पासष्ट किलोवरच हरतात. त्यामुळे ‘इतके वजन म्हणजे मधुमेह’ असे कोणालाही सांगता येत नाही. प्रत्येक शरीराची चरबी पेलण्याची मर्यादा वेगळी असते आणि ती ओलांडल्यावरच कळते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर असे: मध्यम वयात स्थूलता फार सर्रास आहे, स्थूल असलेल्या बहुतेकांना मधुमेह नसतो, पण ज्यांना असतो त्यांच्यातील मोठ्या हिश्श्याला तो कळलेला नसतो. हा हिस्सा किती मोठा, हे रोगापेक्षा तपासणी किती होते आणि कोणत्या चाचणीने होते यावर अधिक ठरते.

आता ‘काही त्रास नाही’ या आपल्या शब्दांविषयी. मला वाटते खरी अडचण इथे आहे. खूप तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणे ही मधुमेहाची लक्षणे सर्वांना पाठ असतात, आणि ती नसली की माणूस निर्धास्त होतो. पण ही लक्षणे येतात कशी ते पाहा. मूत्रपिंडे रक्तातली साखर गाळतात आणि ती सगळी परत शोषून घेतात. रक्तातील पातळी साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की त्यांची शोषण्याची क्षमता संपते, साखर लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते, आणि मग लघवी वाढते व तहान लागते. मधुमेहाचे निदान मात्र उपाशीपोटी १२६ ला होते. या १२६ आणि १८० च्या मधल्या पट्ट्यात माणूस वर्षानुवर्षे राहू शकतो आणि त्याला काहीही जाणवत नाही. केवळ लघवीतली साखर पाहून मधुमेह नाही असे म्हणणे का चुकते, तेही यावरूनच लक्षात येईल.

हा मूक काळ किती लांब असतो याचा एक चतुर अंदाज १९९२ साली प्रसिद्ध झाला होता. मधुमेहामुळे डोळ्याच्या दृष्टिपटलावर होणारे बदल निदानानंतर वर्षागणिक कोणत्या गतीने वाढतात ते पाहून संशोधकांनी ती रेषा मागे नेली, आणि रोगाची सुरुवात प्रत्यक्ष निदानाच्या किमान चार ते सात वर्षे आधी झालेली असते असे अनुमान काढले. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि पाच हजारांहून अधिक नव्या मधुमेहींचा मागोवा घेणाऱ्या प्रसिद्ध अभ्यासात निदानाच्या दिवशीच साधारण निम्म्या रुग्णांमध्ये काही ना काही गुंतागुंत आढळली होती. आजकाल तपासण्या वाढल्यामुळे हे चित्र अनेक ठिकाणी सुधारले आहे, पण मला ते अजूनही पाहायला मिळते.

माझ्याकडे पन्नाशीतले एक गृहस्थ आले होते. दोन वर्षांत तीनदा चष्म्याचा नंबर बदलला म्हणून त्यांच्या चष्मेवाल्यानेच त्यांना साखर तपासायला सांगितले होते. एका बाईंचा खांदा आखडला होता. त्यावर सहा महिने शेक आणि व्यायाम चालू होते, आणि भूल देण्यापूर्वीच्या नेहमीच्या तपासणीत त्यांची साखर २४० निघाली. दोघांनीही मला एकच वाक्य ऐकवले: ‘पण मला तर काहीच होत नव्हते.’ होत होते. फक्त ते मधुमेहाच्या नावाने होत नव्हते. मानेच्या मागे किंवा काखेत काळपट, मखमली जाडसर त्वचा, पुन्हा पुन्हा होणारा बुरशीचा संसर्ग, लवकर न भरणारी जखम, हिरड्यांचे दुखणे, पावलांना मुंग्या, सोनोग्राफीच्या अहवालात सहज लिहिलेले ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द, झोपेत मोठ्याने घोरणे आणि श्वास अडणे: यांपैकी काही असेल तर तपासणी लांबवू नये. यांपैकी काहीच नसेल तरी तपासणीची गरज संपत नाही, हे मात्र विसरू नका.

हे सगळे नेमके मध्यम वयातच का निसटते, असा विचार मी पुष्कळदा करतो. शरीराची कारणे आहेतच: स्नायू घटू लागतात, पोटाचा घेर वाढतो, स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबीची जागा बदलते, झोप कमी होते. पण माझ्या मते मोठे कारण डॉक्टरांशी असलेल्या संबंधाचे आहे. लहान मुलांना लसीसाठी आणले जाते, गरोदर स्त्रिया तपासणीला येतात, साठीनंतर रक्तदाबाच्या किंवा गुडघ्याच्या निमित्ताने माणूस येतोच. पस्तीस ते पंचावन्न या वयातला माणूस मात्र दुसऱ्यांना घेऊन दवाखान्यात येतो आणि स्वतः बाकावर बसून राहतो. मी अशा सोबत आलेल्यांनाच वजनकाट्यावर उभे करायची सवय लावून घेतली आहे. त्याबद्दल काहींची नाराजीही पत्करली आहे.

आपण काय करावे, यावर आता सरळ येतो. आपले वय आणि वजन पाहता तपासणी करावी, यात मला काहीही संदिग्ध वाटत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०२१ साली ३५ ते ७० वयाच्या, वजन प्रमाणाबाहेर असलेल्या सर्वांची तपासणी सुचवली. त्याआधी ही सुरुवात ४० पासून होती. आपण दोन्ही मर्यादा ओलांडल्या आहेत.

चाचणी कोणती, हे थोडे परिस्थितीवर अवलंबून आहे. उपाशीपोटीची साखर किमान आठ तास काही न खाता, प्रयोगशाळेत शिरेतून रक्त देऊन करावी. १२६ किंवा अधिक असल्यास ती मधुमेहाच्या कक्षेत येते, आणि १०० ते १२५ ही पूर्वमधुमेहाची, म्हणजे साखर वाढलेली पण मधुमेहाच्या रेषेखालची, कक्षा मानतात, जरी जागतिक आरोग्य संघटना तिची सुरुवात ११० पासून धरते. एचबीए१सी ही चाचणी आधीच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देते, ६.५ टक्के किंवा अधिक म्हणजे मधुमेह, आणि ५.७ ते ६.४ म्हणजे पूर्वमधुमेह. तिला उपास लागत नाही आणि तिला फसवता येत नाही. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करून, लवकर जेवून ‘चांगला’ अहवाल मिळवणारे लोक मी इतके पाहिले आहेत की पहिल्या भेटीत मी दोन्ही चाचण्या एकत्रच सांगतो. मात्र एचबीए१सीलाही मर्यादा आहेत. शरीरात लोहाची कमतरता असेल तर ती खोटी वाढलेली दिसू शकते. रक्तस्राव, रक्त चढवणे किंवा लाल पेशी लवकर फुटणारे आजार असतील तर ती खोटी कमी दिसते. गरोदरपणात आणि मूत्रपिंडे निकामी असताना तिच्यावर विसंबता येत नाही. तिसरी चाचणी म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर पाहणे, ज्यात २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. ती वेळखाऊ आहे, पण उपाशीपोटीची साखर ठीक आणि खाल्ल्यावरची बिघडलेली असे रुग्ण तिनेच सापडतात. या तीन चाचण्या तंतोतंत तीच माणसे पकडत नाहीत, आणि वर सांगितलेल्या आकड्यांच्या घोळाचे हेही एक कारण आहे.

घरच्या यंत्रावर बोटाला टोचून निदान करू नका. चांगल्या यंत्रालाही मान्य मानकानुसार १०० मिलिग्रॅमच्या वरच्या पातळीला १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे जाण्याची मुभा असते. म्हणजे खरी साखर १२० असताना यंत्र १०५ दाखवू शकते किंवा १३५, आणि निदानाची रेषा तर याच टापूत आहे. उपचार सुरू झाल्यावर चढउतार पाहायला ते यंत्र उत्तम आहे, निवाड्यासाठी नाही.

निकाल आल्यावर तीन शक्यता आहेत. सर्व काही मर्यादेत असेल तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा तपासावे. आपली कंबर पाहता मी स्वतः एवढा थांबणार नाही, दोन वर्षांनी बोलावीन. मधुमेहाच्या कक्षेतील आकडा आला तर खात्री करून घ्यावी: एकाच वेळी केलेल्या दोन वेगवेगळ्या चाचण्या मर्यादेपलीकडे असतील तर निदान पक्के धरतात, एकच असेल तर तीच चाचणी वेगळ्या दिवशी पुन्हा करतात. निदान पक्के झाल्यास त्याच महिन्यात डोळ्यांचे दृष्टिपटल, लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंडांना इजा झाली की लघवीत उतरणारे प्रथिन), पावलांची संवेदना, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, कारण रोग आज सापडला म्हणजे आज सुरू झाला असे नसते.

तिसरी शक्यता पूर्वमधुमेहाची, आणि आपल्या वर्णनावरून मला तिचीही बरीच शक्यता वाटते. अमेरिकेत सुमारे ३८ टक्के प्रौढ या गटात मोडतात, त्यामुळे एकटे पडल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. इथे हाती करण्यासारखे सर्वांत जास्त असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक लोकांवरील चाचणीत सुमारे ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम ही उद्दिष्टे ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. ७ टक्के म्हणजे आपल्यासाठी साधारण सहा किलो. आपण ८१ किलोचे झालात तरी बीएमआयच्या तक्त्यात ‘जादा वजनाचे’च राहाल, पण यकृतातील चरबी कितीतरी कमी झालेली असेल, आणि साखरेला तक्त्याशी देणेघेणे नसते. वजन कमी करणारी नवी औषधे गुणकारी आहेत. त्यांचा निर्णय अहवाल हाती आल्यावर आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा, इथे नाही.

एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. इंग्लंडच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्याचा २०१२ साली जाहीर झालेला निष्कर्ष तपासणीच्या कट्टर पुरस्कर्त्यांना आवडलेला नव्हता: तपासणीचे निमंत्रण मिळालेल्या गटात सुमारे दहा वर्षांत मृत्यूंचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. सरसकट सर्वांची तपासणी करावी का, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत ते यामुळेच. मी याचा अर्थ असा लावतो की शंभरांत तिघांना शोधल्याने संपूर्ण गटाचे मृत्युमान हलत नाही, आणि ज्यांच्यात रोग सापडत नाही त्यांना तपासणीने काही मिळतेच असे नाही. पण त्या तिघांपैकी एक असणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न केवळ मृत्यूचा नसून डोळ्यांचा, मूत्रपिंडांचा आणि पायांचाही असतो. लोकसंख्येचे धोरण ठरवणे आणि समोरच्या माणसाला सल्ला देणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपण मला दुसरे काम सांगितले आहे.

आता आपल्या पत्नीविषयी. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका, तशी न वाढलेल्यांच्या तुलनेत, जवळजवळ दहापट असतो असे मोठ्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. बाळंतपणानंतर साखर उतरते ती वारेची संप्रेरके जातात म्हणून. स्वादुपिंडाचा जो कमकुवतपणा त्या काळात उघडा पडला, तो तिथेच असतो. म्हणून अशा स्त्रियांची तपासणी बाळंतपणानंतर चार ते बारा आठवड्यांत आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर करावी असे सांगतात. चौदा वर्षांत ती एकदाही झालेली नसेल, तर त्या सडपातळ असूनही मला आपल्याइतकीच त्यांच्याही अहवालाची काळजी आहे. आपण दोघांनी एकाच सकाळी उपाशीपोटी जावे. आपण उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करावी. त्यांनी त्यासोबत ग्लुकोज पिऊन दोन तासांची चाचणीही करावी, आणि त्या दोन तासांत आपण त्यांच्यासोबत थांबून आपला रक्तदाब मोजून घ्यावा. त्यांना पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर एचबीए१सीचा आकडा वाचण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगायला विसरू नका.